पाळी थांबल्यावरची गोळी

मी अंगणवाडी सेविका. पेणहून जोह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात मी इतकी वर्षं काम केलं, की माझ्या हाताखाली तोललेल्या मुलींची मुलं आता मी तोलते. लोहाची लाल गोळी म्हणजे काय हे मला कुणी सांगायची गरज नाही. गरोदर बाईला रोज एक, जेवणानंतर, लिंबूपाण्याबरोबर. चहाबरोबर घेतली तर फुकट गेली. सुना गोळी तोंडात ठेवून घरी जातात आणि घरामागे परड्यात थुंकतात हे कळल्यावर मी त्यांना समोर बसवून गिळायला लावायचे आणि वर जीभ दाखवायला सांगायचे. त्यामुळे गोळ्यांच्या बाबतीत कुणी मला विचारलं, की माझं उत्तर तयार असे.

माझी थोरली बहीण रोह्याला असते, म्हणजे नदीपलीकडे अष्टमीत. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. गेल्या उन्हाळ्यात तिचा फोन आला.

"गो, माझ्यात काय रामच राहिला नाय बघ. जिना चढले की पाय भरून येतात. पायांना मुंग्या येतात त्या वेगळ्याच. रोज घ्यायची ताकदीची एखादी गोळी सांग ना. तुला सगळं म्हायती हाय."

मला सगळं माहीत होतंच. थकवा, पाय दुखणं, दम लागणं. रक्त कमी, दुसरं काय! मी पेणच्या रामवाडीतल्या एका मेडिकलमध्ये गेले, बायकांसाठीच्या चार-पाच मल्टिव्हिटॅमिनच्या डब्या काढायला लावल्या आणि जिच्यात लोह सगळ्यात जास्त, ती उचलली. एक तिच्यासाठी, ती रोह्याला पाठवून दिली, आणि एक माझ्यासाठी. मी तेव्हा पंचावन्नची होते. पाळी थांबून चार वर्षं झाली होती. ताईची तर त्याच्याही कितीतरी आधी थांबलेली. पण तो विचार माझ्या डोक्यात आलाच नाही.

दीड-दोन महिन्यांनी एका सकाळी ताईच्या सुनेचा फोन आला. आवाज घाबरलेला. "मावशी, आईंना चार-चार दिवस परसाकडं होत नाय. झाली तर काळीकुट्ट. पोटात कळा येतात. जेवण पण सोडलंय."

"काळी होणारच," मी म्हणाले. "लोहाची गोळी चालू आहे ना. घाबरू नकोस, पाणी जास्त दे."

हे वाक्य मी कितीतरी पोरींना सांगितलेलं. पण फोन ठेवल्यावर कळांचं काही मला पटेना. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि पहिली एसटी धरून रोहा गाठलं.

ताई खाटेवर बसली होती, चेहरा उतरलेला. मी तिला आणि सुनेला घेऊन बाजारपेठेतल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. शांत बाई. त्यांनी पोट तपासलं आणि पहिला प्रश्न विचारला, "सध्या काय काय घेता? सगळं दाखवा."

ताईने पिशवी उघडली. आधी बीपीची गोळी, मग मी दिलेली डबी. आणि तिच्यामागून लाल गोळ्यांची एक पट्टी. मग आणखी एक. मग तिसरी, अर्धी संपलेली.

"ह्या कुठल्या?" मी विचारलं.

"सूनबाईच्या बाळंतपणातल्या उरलेल्या," ताई म्हणाली. "तूच सांगायचीस ना, एकपण गोळी फुकट घालवू नको म्हणून. मी रोज एक घेत होते. सकाळी तुझी, रात्री ही."

सुनेने खाली बघितलं. तिने त्या गोळ्या घेतल्याच नव्हत्या हे तिथंच उघड झालं, पण ती गोष्ट मी त्या दिवसापुरती बाजूला ठेवली.

डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि ही डबी कोणी दिली?"

"मी," मी म्हटलं. "मी अंगणवाडीत आहे."

मला वाटलं आता बोलणी बसणार. मी साडीचा काठ मुठीत धरून बसले होते. पण त्या रागावल्या नाहीत. त्यांनी सरळ समजावलं. पाळी असते तोवर दर महिन्याला रक्त जातं, म्हणून बाईला लोह जास्त लागतं. पोटात मूल असलं तर आणखी लागतं. पाळी थांबली की ते जाणं थांबतं. मग जेवणातून मिळतं ते बहुतेकींना पुरतं. वरून घेतलेलं शरीरात साठतं, पोट बिघडवतं. तपासणीत रक्त कमी निघालं तर लोह जरूर द्यायचं, पण मग ते या वयात कमी का झालं हेही शोधायचं.

"तुमचं ट्रेनिंग गरोदर आणि लेकुरवाळ्या बाईपर्यंत येतं आणि तिथं थांबतं," त्या म्हणाल्या. "पुढच्या बाईसाठी तुम्हाला कुणी काही शिकवलंच नाही."

मला ते झोंबलं. पण खरं होतं. पुढची बाई माझ्या रजिस्टरमध्ये नव्हतीच, आणि ती पुढची बाई तर मी स्वतःच होते.

दोन्ही लोहाच्या गोळ्या त्यांनी बंद केल्या. आठवड्यात शौचाचा रंग पूर्ववत झाला नाही तर पोटाची पुढची तपासणी करायची, तो काळेपणा दरवेळी गोळीचाच असतो असं धरून चालायचं नाही, हेही बजावलं. रक्त तपासायला दिलं. मी सुनेला म्हटलं, मी चार दिवस राहते. घरी फोन करून तसं कळवलं.

रिपोर्ट आला. ताईचं रक्त छान भरलेलं होतं. कमी होतं ते बी-ट्वेल्व्ह, अगदी तळाला, आणि डी. पायांच्या मुंग्या त्या बी-ट्वेल्व्हच्या. मग डॉक्टरीणबाईंनी तिचं खाणं विचारलं, तेव्हा उलगडलं. नातू आजारी होता तेव्हा तिने नवस बोलून मासे-मटण सोडलं होतं. अंडंसुद्धा. दूध फक्त चहातलं. बी-ट्वेल्व्ह तर मिळतं ते यांतूनच. वरण-भात, वालाचं बिरडं, भाकरी, एवढ्यावर तीन वर्षं. मला हे माहीत होतं. मीच तिच्याकडे जेवायला गेले की म्हणायचे, किती साधं खातेस गो तू. पण ते गोळीशी जोडून बघायचं मला सुचलं नव्हतं.

बी-ट्वेल्व्हची काही इंजेक्शनं ठरली, डीची आठवड्यातून एकदा घ्यायची पुडी ठरली, आणि नंतर रोजची एक साधी मल्टिव्हिटॅमिन. डॉक्टरीणबाईंनी कंपनीचं नाव लिहिलं नाही. माझ्याकडे कागद सरकवला आणि म्हणाल्या, "तुम्हाला वाचता येतं. तुम्हीच निवडा." कागदावर चारच ओळी होत्या. लोह नको. बी-ट्वेल्व्ह आणि डी हवं. ए जीवनसत्त्व फार नको. एकच डबी घ्या, दोन नकोत.

आम्ही दोघी बहिणी मेडिकलमध्ये गेलो. संध्याकाळची गर्दी. दुकानदाराने काउंटरवर डब्या मांडल्या. एका गुलाबी डबीवर धावणारी बाई होती, ती सगळ्यात महाग. मी चष्मा लावला. तरी खालची अक्षरं दिसेनात. मग मोबाईलने फोटो काढून तो मोठा केला आणि एकेक ओळ वाचली.

"यात लोह आहे. ही नको."

दुसरी वाचली. "यातपण आहे."

"मॅडम, बायकांना लोह लागतंच," दुकानदार म्हणाला.

"पाळी थांबलेल्या बाईला लागतंच असं नाही," मी म्हटलं.

मागे रांगेत कंपनीतून शिफ्ट सुटून आलेले दोघे-तिघे उभे होते. सगळे एकदम बुटांकडे बघायला लागले. ताईने माझा पदर ओढला. "हळू बोल गो, लोकं ऐकतात."

"ऐकू दे. त्यांच्या घरी आया असतील ना?"

दुकानदार आत गेला आणि एक पांढरी, बिनचित्राची डबी घेऊन आला. वर पन्नाशीनंतरसाठी असं लिहिलेलं. मी पुन्हा फोटो काढला, पुन्हा वाचलं. लोह नाही. बी-ट्वेल्व्ह होतं, डी होतं, ए बेताचं होतं. गुलाबी डबीपेक्षा ती स्वस्तही निघाली. "ही द्या," मी म्हटलं.

तेवढ्यात आमच्या मागची एक बाई, माझ्याच वयाची, पुढे झाली. "मलापण तीच द्या. ह्या ताईंनी एवढी वाचून घेतलीय."

दोन महिन्यांपूर्वीची मी असते तर खूश होऊन तिच्या हातात डबी ठेवली असती. या वेळी मी हात आडवा घातला. "तुम्ही आधी रक्त तपासा. तुमचं कदाचित खरंच कमी असेल, मग ही डबी तुमच्या कामाची नाही."

ती जरा हिरमुसली. पण मी डॉक्टरीणबाईंचा पत्ता सांगितल्यावर तिने पिशवीतून पेन काढलं आणि तळहातावर लिहून घेतला.

आठवड्यात ताईचं पोट आणि शौचाचा रंग दोन्ही ठीक झाले. पेणला परतल्यावर मी माझंही रक्त तपासून घेतलं. मी मासे खाणारी, माझं बी-ट्वेल्व्ह व्यवस्थित होतं, रक्तही व्यवस्थित. फक्त डी कमी होतं. म्हणजे त्या लोहाच्या डबीची मला कधी गरजच नव्हती. माझ्या कपाटातली अर्धी डबी मी मेडिकलवाल्याकडे नेऊन दिली आणि फेकून द्यायला सांगितलं.

आता महिन्याच्या माता बैठकीला सुनांना सोडायला आलेल्या सासवा पायरीवर बसतात, त्यांना मी आत बोलावते. पहिल्यांदा बोलावलं तेव्हा वाडीवरची एक म्हातारी म्हणाली, "आमचं काय काम हाय आतमंदी? आमाला कुठं पोरं होणार हायत?" सगळ्या हसल्या. मी तिला माझ्या शेजारी बसवलं. तुम्ही काय जेवता, पायांना मुंग्या येतात का, हाडं दुखतात का, असं एकेकीला विचारत गेले. गोळी कुणालाच दिली नाही. सातजणींची नावं लिहून त्यांना आरोग्य केंद्रात तपासणीला पाठवलं. पर्यवेक्षिकाबाई म्हणाल्या, हे आपल्या कामात येत नाही. मी म्हटलं, सुनांचं सगळं झाल्यावर करते, कुणाचं वजन करायचं राहिलं तर सांगा.

जानेवारीत एका रविवारी दुपारी दारात रिक्षा थांबली. ताई उतरली, एकटी. रोह्याहून एसटीने आली होती, आणि हातात वालाच्या शेंगांची जड पिशवी.

"सूनबाईला सांगितलं, मी जाऊन येते," ती म्हणाली. "मुंग्या गेल्या गो. कधी गेल्या कळलंपण नाय."

मी पिशवी घ्यायला हात पुढे केला, पण तिने दिली नाही. स्वतःच परड्यात नेली. मग आम्ही मडक्यात घालायला भांबुर्डीचा रानपाला गोळा करायला गेलो, आणि संध्याकाळी त्या पाल्यात शेंगा दडपून, मडकं आगीत लावून पोपटी भाजली. मडक्यात माझ्या बाजूला अंडी घातली, तिच्या बाजूला नुसत्या शेंगा नि बटाटे.