गेटावर आलेली ज्वारी

मागायच्या आधीच देवी देते, असं मी लहानपणापासून मानत आले. आमचं गाव धाराशिवकडचं, कुलस्वामिनी तुळजाभवानी. लग्नानंतर मोशीला भाड्याच्या खोलीत संसार मांडला, तेव्हाही सगळ्यात आधी तिचा फोटो भिंतीवर लागला आणि मग गॅस आला. पण गेल्या वर्षी असे दिवस आले, की ही आपली श्रद्धा आहे की नुसती सवय, हे मलाच कळेनासं झालं.

मी चाकणला, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत ठेकेदारामार्फत कामाला होते. कंपनीचं नाव इथे नको. आमच्या लाइनवर रेखा नावाची मुलगी होती, लग्न होऊन नुकतीच आलेली, हसरी. प्रेस मशीनमध्ये तिच्या उजव्या हाताची बोटं गेली. काम भराभर उरकावं म्हणून, हात आत गेला की मशीन थांबवणारा सेन्सर बंद ठेवलेला होता, हे आम्हा सगळ्याजणींना माहीत होतं. ठेकेदार मात्र म्हणाला, रेखा त्या दिवशी कामावर नव्हतीच. हे ऐकल्यावर मला राहवलं नाही. जेवणाच्या सुट्टीत मीच सगळ्यांना म्हटलं, "चला, विचारायला जाऊ." आम्ही विचारायला गेलो आणि दुसऱ्या दिवशी गेटावर आमचे पास चालेनात. मग रस्त्याच्या पलीकडे ताडपत्री बांधून आम्ही धरणं धरलं. रेखाचा इलाज करा आणि आम्हाला कामावर घ्या, एवढंच मागणं होतं.

धरण्यावर बसणाऱ्या बायकांची चूल कशी पेटायची? आमच्या वस्तीतल्या देवीच्या देवळाचे गुरव भला माणूस. त्यांनी देवळामागची खोली उघडून दिली, भंडाऱ्याच्या पत्र्याच्या कोठ्या पुसून ठेवल्या. ज्याच्या घरी असेल त्याने ओतावं, ज्याला लागेल त्याने न्यावं, कुणी कुणाला विचारायचं नाही, असं ठरलं. नव्या सोसायट्यांमधल्या बायकांनी तांदूळ, डाळ, तेल आणून दिलं. किराणावाल्या काकांनी गुळाची ढेपच पाठवली. आमचे हे दुसऱ्या एका कंपनीची बस चालवतात. ते ड्युटी सुटली की या कोठीच्या खोलीत येऊन धान्य निवडत बसायचे आणि मला म्हणायचे, "तू बस तिकडं निवांत, खडे मी बघतो." त्या खोलीत बसलं की माहेरी आल्यासारखं वाटायचं.

पण दिवस लांबत गेले, तशा कोठ्या रित्या होऊ लागल्या. देणारे तरी किती देणार? कामगार कचेरीत नुसत्या तारखा पडत होत्या. रेखाची सासू रोज संध्याकाळी पदराखाली डबा झाकून यायची. एका संध्याकाळी मी कोठीचं झाकण उघडलं, तर आत काहीच नव्हतं. त्या माउलीने आत डोकावून पाहिलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "असू दे गं. आज कुणाला भूकच नाही." आणि झाकलेला डबा तसाच घेऊन निघून गेली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

ठेकेदाराचा निरोप होताच. मी भोसरीच्या त्याच्या ऑफिसात येऊन, चूक झाली असं लिहून द्यावं, म्हणजे बाकीच्यांना परत घेऊ. रेखाचं काय, त्याबद्दल तो काही बोलत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुणाला न सांगता ते लिहून द्यायला निघाले. वाटेत देवळात गेले, पण हात जोडले नाहीत. देवीकडे बघत म्हटलं, "मी थकले. मला आता काही जमणार नाही. तुझं तू बघ." प्रार्थना नव्हती ती, चक्क भांडण होतं.

मोशीच्या स्टॉपवर भोसरीच्या बसची वाट बघत उभी होते. चऱ्होलीकडून आलेल्या गाडीतून एक म्हातारी उतरली. नऊवारी, कपाळभर बुक्का आणि शेजारी कंडक्टरने उतरवून दिलेलं ज्वारीचं भलं मोठं पोतं. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि नेमकी मलाच हाक मारली.

"ए लेकी, जरा हात लाव. रस्त्याच्या पल्याड न्यायचंय. चाकनची गाडी तिकडं लागती न्हवं?"

"एवढं ओझं घेऊन कुठं निघालात, आक्का?"

"कंपनीच्या गेटावर बाया बसल्यात म्हनं, हात तुटलेल्या पोरीसाठी. सुनंनं फोनात दावल्या मला. त्यास्नी द्यायचंय."

मी वाकून पोत्याचं एक टोक धरलं. ती बोलतच होती. "माझं म्हायेर तिकडचं. त्या कंपनीच्या जागी माझ्या बापाची ज्वारी असायची. त्या रानात कुनी उपाशी बसल्यालं बापाला चाललं नसतं बग."

आम्ही दोघींनी पोतं ओढत पलीकडे नेलं. चाकणची बस आली. चढता चढता ती म्हणाली, "पर तिथं उतरवू कोन लागंल मला?" मी चढले. भोसरीची बस समोरून जाताना दिसली, तरी उतरावंसं वाटलं नाही. बसमध्ये पोत्याला टेकून बसले, तेव्हा लक्षात आलं की मी रागाने सोडून दिलं होतं, तरी देवीने ते सोडलेलं दिसत नव्हतं. सगळ्यांना मी सांभाळतेय, मी हरले तर सगळं संपलं, हे जे ओझं मी वाहत होते, ते माझं नव्हतंच.

गेटासमोर ते पोतं उतरलं तेव्हा बायका उठून त्याच्याभोवती गोळा झाल्या. आक्कांनी आमच्यात बसलेल्या रेखाला जवळ घेतलं, तिचा पट्टी बांधलेला हात आपल्या मांडीवर ठेवला आणि कितीतरी वेळ तशाच बसल्या. दुसऱ्या दिवसापासून चऱ्होलीच्या बायका पाळीपाळीने भाकरी घेऊन येऊ लागल्या. ते बघून आसपासच्या गावांतून पिठलं आलं, भाजी आली. कंपनीत आतल्या कायम कामगारांत याच गावांची मुलं होती. आया बाहेर भाकरी वाढतायत आणि आपण आत कँटीनला जेवतोय, हे त्यांना सोसेना. त्यांनी एक दिवस कँटीनचं जेवण नाकारलं. त्यानंतर मात्र साहेब लोक बोलायला बाहेर आले.

सगळंच मनासारखं झालं असं नाही. रेखाच्या इलाजाचा खर्च मिळाला, तिला स्टोअरमध्ये बसून करायचं काम मिळालं. आम्हाला परत घेतलं, पण दोघी-तिघींना नाही घेतलं. त्यांच्यासाठी अजून तारखा चालू आहेत. आणि देवळामागची कोठी चालू आहे. आता तिथे आम्हाला ओळखतही नसलेली माणसं येतात, कुठल्या कुठल्या कंपन्यांतून काम सुटलेली.

नवरात्रात मी आक्कांची ओटी भरायला चऱ्होलीला गेले. भोसरीला निघाले होते, तेही सांगून टाकलं. ऐकून त्या हसल्या. मी त्यांचे पाय धरून म्हटलं, "आक्का, त्या दिवशी तुम्ही दिलंत म्हणून..." त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"मी कुठं काय दिलं, बाळा? घरात ज्वारी व्हती, तिला तिकडं जायचं व्हतं. मी निस्ती तिच्यासंगं आले."

तेवढंच बोलून त्या माझ्यासाठी पुरणाची पोळी आणायला आत गेल्या. मी ओसरीवर बसून राहिले. डोळे भरून आले होते आणि मनात देवीकडे मागायला काही उरलं नव्हतं.