जावेची माळ

मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातली नाही. बारामतीत एका खासगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये एकोणीस वर्षं टेक्निशियन आहे. काचपट्टीवर दिसलं तर आहे, नाही दिसलं तर नाही – एवढं साधं माझं डोकं. या सदरातले अनुभव वाचताना मी नवऱ्याला म्हणायचे, "यांची आधी शुगर तपासायला पाहिजे." आता स्वतःच लिहायला बसलेय... आणि यात माझी बाजू काही चांगली दिसणार नाही, तेही सांगून टाकते.

आम्ही ख्रिस्ती. सासर भवानीनगरचं. घराणं पक्कं प्रॉटेस्टंट – चर्चमध्ये मूर्ती नाही, पुतळे नाहीत, माळ तर नाहीच नाही. धाकट्या दिराने संगमनेरकडची फिलोमिना पसंत केली, ती कॅथलिक. तेव्हा आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आठ दिवस कुणाशी धड बोलल्या नव्हत्या. "माळ वढत बसनारी सून न्हाय पायजे मला," असं म्हणायच्या. लग्न झालं, फिलो घरात आली, पण आईंनी तिला चार हात लांबच ठेवलं. सल्ला माझा घ्यायच्या, नाताळाच्या करंज्या माझ्यासोबत करायच्या. फिलो गुपचूप रोझरी, म्हणजे दहा-दहा मण्यांचे पाच गट आणि मध्ये एकेक मोठा मणी असलेली त्यांची जपमाळ, ओढून ती उशीखाली ठेवायची. मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगते, मला बरं वाटायचं.

मग गेल्या वर्षी आईंना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. माझी नोकरी असल्यामुळे त्या भवानीनगरलाच, फिलोकडे राहिल्या. मी दर रविवारी उपासना झाली की स्कूटरवरून जायचे. फिजिओथेरपीवाल्याने सांगितलं होतं, उजव्या हाताच्या बोटांना सतत काहीतरी चाळा द्या. फिलोने काय करावं? आपली रोझरी त्यांच्या हातात दिली! स्वतःच्या बोटांनी त्यांची बोटं धरून एकेक मणी पुढे सरकवायची आणि शेजारी बसून तोंडाने हळू आवाजात 'नमो मरिये' म्हणायची. महिन्याभरात आई स्वतः मणी ओढायला लागल्या.

सगळ्यांना आनंद झाला. मला नाही झाला.

"आपल्यात चालतं का हे?" मी नवऱ्याला विचारलं.

"बोटं हलत्यात न्हवं? मग झालं की," विलास म्हणाले.

त्या रविवारी मी आईंचे केस विंचरायला घेतले, तर त्यांनी मान बाजूला केली आणि डोळ्यांनी फिलोकडे खूण केली. तिने विंचरायचे. बावीस वर्षं मी या बाईचं सगळं केलं, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला महिनाभर माझ्याकडे ठेवून घेतलं... आणि आता माझ्या हातचा कंगवाही नको? परत येताना अंगाची नुसती आग होत होती.

आमच्या हॉस्पिटलच्या वॉर्डात सूसन सिस्टर म्हणून नर्स आहे, केरळची, ऑर्थोडॉक्स. तिच्याजवळ मी गाऱ्हाणं केलं. तिने खिशातून काळ्या लोकरीची एक दोरी काढली, नुसत्या गाठीच गाठी. "माझा मामा मठात आहे, त्याने बांधून दिली. प्रत्येक गाठीला एकदा 'प्रभू येशू, दया कर'. तुमच्या लोकांत पण आता आहे माळ. विचारा पाळकाला."

विचारलं. आमच्या निवृत्त पाळकांकडे खरंच एक निघाली. तेहेतीस मणी, प्रभूच्या आयुष्याच्या वर्षांएवढे. सात-सातचे चार गट, मध्ये चार मोठे मणी आणि सुरुवातीचा एक. यावर मरियेची प्रार्थनाच करायची असं काही नाही, स्तोत्रातली ओळ म्हटली तरी चालते. मला तर लॉटरीच लागली. आपल्यातली माळ! पण मी ती आईंच्या हातात ठेवली तेव्हा त्यांनी दोन मणी चाचपले आणि सोडून दिली. डावा हात रोझरीकडे गेला.

पुढच्या रविवारी मी जे केलं ते लिहायला जड जातंय. दुपारची वेळ. दीर बाहेर गेलेले, फिलो स्वयंपाकघरात भांडी लावत होती. आईंचा डोळा लागला होता. मी त्यांच्या मुठीतून रोझरी हळूच सोडवली, माझी माळ ठेवली आणि वर बघितलं... आई जाग्या होत्या. माझ्याकडेच बघत होत्या. त्यांना बोलता येत नाही हे मला माहीत होतं. मी रोझरी पर्समध्ये टाकली आणि निघाले.

सोमवारी सकाळी ती लॅबच्या माझ्या ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं. घरात ठेवायची भीती वाटली. दिवस नेहमीसारखा गेला.

मंगळवारी दुपारी तीन वाजता मी मायक्रोस्कोपवर होते. अचानक उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये काहीतरी सरकलं. गुळगुळीत, चपटं. मी हात झटकला. पुन्हा सरकलं... थांबलं... पुन्हा. हातात काहीच नव्हतं! ग्लोव्ह काढला, हात धुतला, तरी चालूच. अठरा-वीस मिनिटांनी आपोआप बंद झालं. नस दबली असेल, दिवसभर वाकून बसतो आपण, असं स्वतःला सांगितलं.

बुधवारी बरोबर तीनला पुन्हा.

आता, पेशी मोजणं हेच माझं काम. मी मोजायला लागले. दहा वेळा लहान, मग जरा मोकळं, मग एक मोठं, मग परत दहा. सातचा हिशेब कुठेच नव्हता. मी ड्रॉवर उघडला. रोझरी तिथेच पडलेली, जशी टाकली तशी. तिचे मणी गोल, वाटाण्याएवढे. माझ्या बोटांतून जात होतं ते चपटं होतं, आणि काठावर किंचित खरखरीत. एका रिपोर्टच्या मागे मी आकडे लिहिले – १०, १०, ९, १०, १०. तिसऱ्यात नऊच. चुकलं असेल म्हणून गुरुवारी पुन्हा लिहिले. तिसऱ्यात नऊ. शुक्रवारीही तेच. रोझरीतला तिसरा गट मोजला, तर तिथे दहा.

शुक्रवारी मी सूसनला सगळं सांगितलं, चोरीसकट. ती हसली नाही. "मला विचारू नका हे काय आहे. पण माळ परत द्या. उद्याच."

शनिवारी हाफ डे होता. ड्रॉवरमधली रोझरी आणि तो कागद पर्समध्ये टाकून दोनच्या सुमारास भवानीनगरला पोचले. फिलो दारातच भेटली.

"ताई, आज कशा काय? या की."

मी काही बोलायच्या आत नजर पलंगावर गेली. आईंच्या हातात एक माळ होती... बटणांची. शर्टाची, फ्रॉकची, मध्ये कोटाची मोठी, रंगीबेरंगी, जाड दोऱ्यात गाठी मारून ओवलेली.

"रविवारपासून माळ सापडंना," फिलो म्हणाली. "तुमची दिली होती, पण त्यांना ती उमगंना. जेवणच सोडलं त्यांनी. मग सोमवारी शिलाईच्या डब्यातली बटणं ओवली. मंगळवारी दुपारी सुरू केली, तवा कुठं दोन घास खाल्ले."

"मंगळवारी... किती वाजता?"

"तीनला. तवापास्नं रोजचंच हाय त्यांचं. आधी कधीपण करायच्या, आता घड्याळात तीन वाजले की हात पुढं करत्यात."

मी खुर्चीत बसले. "फिलो, तिसऱ्या गटात नऊ बटणं आहेत."

"न्हाय ओ ताई. मी दहा-दहा मोजूनच ओवलीत."

"मोज."

तिने आईंच्या हातातली माळ न काढता, पलंगाशी गुडघे टेकून मोजली. पहिल्यात दहा. दुसऱ्यात दहा. तिसऱ्यात ती थांबली, मागे गेली, पुन्हा मोजलं. तिचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. "नऊ..." ती म्हणाली. "तुम्हाला कसं कळलं?"

मी पर्समधून रिपोर्टचा कागद काढला, आणि त्याच्याखालची रोझरीसुद्धा. सगळं सांगितलं. आईंच्या समोरच सांगितलं. रडले, माफी मागितली. फिलोने रोझरी हातात घेतली, क्रूसाला ओठ लावले.

"तुम्हीच नेली हे मला ठाव होतं," ती म्हणाली. "ह्यांना म्हणलं, गादीत कुठंतरी गेली असंल."

"बोलली का नाहीस?"

"काय बोलू? झटका येईपर्यंत ह्या घरात आईंनी मला एक शब्द मायेनं बोलला न्हाय. आता कुठं माझ्या हातनं जेवायला लागल्या. तुमचं नाव घेतलं, अन् त्यांना वाईट वाटलं तर?" मग माळेकडे बघत, "रविवारी दुपारी स्कूटरचा आवाज आला की आजही त्यांची मान दाराकडं वळती, ताई. मला ते बघवत न्हाय."

म्हणजे तीसुद्धा माझा हेवा करत होती... इतकी वर्षं.

तीन वाजले. आईंनी हात पुढे केला आणि बटणं ओढायला सुरुवात केली. मी माझा उजवा हात मांडीवर उघडा ठेवून वाट पाहत बसले. काहीच नाही. नुसती आईंची बोटं हलताना दिसत होती. तिसऱ्या गटात नववं बटण सरलं, तेव्हा आईंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. कशाने, ते मला सांगता येणार नाही.

त्या दिवसानंतर मला ते कधीच जाणवलं नाही. न्यूरॉलॉजिस्टला दाखवलं, नसांची तपासणी केली, सगळं नॉर्मल. विलास म्हणतात, मनाचे खेळ. असतीलही. पण मन खेळलं तरी भवानीनगरातल्या एका दोऱ्यावर बटण कमी आहे हे त्याला कुणी सांगितलं? ओवणारीलाही ते माहीत नव्हतं. आणि आईंना विचारावं तर त्यांना अजून दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येत नाही. कागद माझ्याकडे आहे, मधूनच काढून बघते आणि परत ठेवून देते.

त्या संध्याकाळी निघताना फिलो फाटकापर्यंत आली होती. "ताई, मी रोज त्यांच्या शेजारी बसते," ती म्हणाली. "हाताला हात लावून. मला कधी असं काही जाणवलं न्हाय."

तिचा चेहरा उतरलेला होता. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तिला जवळ घेतलं. आणि लाज वाटते लिहायला, पण त्या क्षणी मला आतून बरं वाटलं. दोघींपैकी ते माझ्याकडे आलं होतं.