उतारावरच्या समतेचं पत्रक

मला स्कीइंग येतं असं मी सांगते, तेव्हा त्यात खोटं काही नसतं. चार वर्षांपूर्वी हिमाचलात दहा दिवसांचा प्राथमिक वर्ग मी पूर्ण केला आणि त्याचं प्रमाणपत्र आमच्या डिलाईल रोडच्या खोलीत भिंतीवर आहे. त्या दहा दिवसांतला बराच काळ मी बर्फात बसून होते, हे प्रमाणपत्रावर लिहिण्याची पद्धत नाही.

त्याच वर्गाला माझी मैत्रीण होती. ती परळच्या एका रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे; दिवसभर दुसऱ्यांचे गुडघे वाकवते. आम्ही दोघी सारख्याच आपटलो, पण ती उठली की जरा पुढे जाऊन आपटायची आणि मी त्याच जागी. मुंबईला आल्यावर मी पर्वतीय पर्यटन आणि स्थानिक मजुरांचं शोषण या विषयावर चार पानं लिहिली. तिने पुढच्या वर्गाला नाव घातलं, मग त्याच्याही पुढच्या. हिवाळ्यातली सगळी रजा तिने बर्फात घालवली, आणि नंतर दोन वर्षं रुग्णालयाने तिला सलग रजाच दिली नाही.

तिची मोठी बहीण ऑस्ट्रियात, आल्प्सच्या एका खोऱ्यात, वृद्धाश्रमात नर्स आहे. ऑगस्टमध्ये बहिणीचा फोन आला की फेब्रुवारीत ये, उन्हाळ्यात मी सपाट मुलखात नोकरीला चाललेय, मग डोंगर विसर. मैत्रिणीने अर्ज टाकला आणि या वेळी रजा मिळाली. प्रवास वजा जाता बर्फावरचे सहा दिवस. त्या संध्याकाळी तिने मला फोनवर एक फोटो दाखवला. डोंगराच्या माथ्यावरून निघालेली पांढरी पट्टी, मध्ये रान, खाली गावातलं टोकदार छपराचं चर्च.

"हा एकदा वरून खालपर्यंत उतरायचाय," ती म्हणाली. "न थांबता. बस, एवढंच."

"उतरू या की," मी म्हटलं. अनेकवचनाची सवय मला घरातूनच आहे.

आजोबा गिरणीत होते, वडील छापखान्यात कंपोझिटर. मी अक्षरं ओळखायला शिकले ती गिरणीच्या गेटवर वाटायच्या पत्रकांच्या प्रुफांवर. शाळेत 'माझी सहल' या विषयावर निबंध आला, तेव्हा मी शेवटी तीन मागण्या लिहून आले होते. त्यामुळे आल्प्सची तयारी सुरू झाली ती बैठकीने. माटुंग्याच्या एका उडुपी हॉटेलात आम्ही तिघं जमलो. तिसरा आमचा कॉलेजातला मित्र, राहणारा माटुंग्याचाच. तोही दोनदा स्की करून आलेला आहे, पण त्याला सहलीपेक्षा सहलीचा तक्ता जास्त आवडतो. लॅपटॉप उघडून त्याने आम्हाला उतारांचे रंग समजावले: निळा सोपा, लाल मधला, काळा अवघड.

"निळा सोपा, हे मी घरी सांगितलं," मैत्रीण म्हणाली. ती आमच्या मागच्या बौद्ध चाळीतली. "वडील म्हणाले, सोपा कुणाला होता गं?"

मग त्याने स्की-शाळेचा फॉर्म काढला. नवशिके, मध्यम, प्रगत, असे तीन चौकोन. "तू नवशिकी, मी मध्यम, ही प्रगत," तो म्हणाला. "दिवसभर आपापल्या उतारावर, जेवायला एकत्र."

"म्हणजे फाळणी."

"अगं, डोंगर आहे तो. देश नाही."

मी त्याला आमच्याच नियमाची आठवण करून दिली. सह्याद्रीत आम्ही कॉलेजपासून एकत्र भटकतोय आणि पहिल्या ट्रेकपासून नियम एकच: सगळ्यांत हळू चालणारा सगळ्यांत पुढे, बाकीचे त्याच्या पावलाने. मागे पडण्यासारखा जो असतो तोच पुढे असल्यामुळे कुणी मागे पडत नाही. हे सह्याद्रीला चालतं, तर आल्प्स काय वेगळ्या मातीचा आहे?

"चढताना ठीक आहे," तो म्हणाला. "उतारावर तू पुढे राहिलीस तर आम्ही येऊन तुझ्यावर आदळू."

"म्हणूनच हळू यायचं."

त्याच टेबलावर मी एका पानाचं पत्रक लिहिलं. शीर्षक, 'उतारावरील समता: आमची भूमिका'. पहिल्या कलमात माणसांची रंगांत विभागणी करणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्की-उद्योगाचा निषेध होता. दुसऱ्यात, सर्वांत हळू असलेली व्यक्ती गटाचा वेग ठरवेल. तिसऱ्यात, जिथे एक जाऊ शकत नाही तिथे कुणीच जाणार नाही. खाली तिघांची नावं. मी मत मागितलं. माटुंगेकराने हात वर केला, कारण डोसा आला होता. मैत्रिणीनेही केला. ती कॉफीच्या वाटीत बघत होती. ठराव एकमताने संमत, असं मी इतिवृत्तात लिहिलं.

मग तयारीचे महिने आले. दादरला ऑक्टोबरच्या घामात मी थर्मल मागितले, तर दुकानदार म्हणाला, "महाबळेश्वर?" मी म्हटलं, आल्प्स. "तिकडे जास्त असतं काय हो?" असं विचारून त्याने काउंटरवर आणखी एक जोड ठेवला. व्हिसाच्या कागदपत्रांत आम्ही परत येऊ याचा पुरावा हवा होता. डिलाईल रोडवरून आम्हाला हलवण्यासाठी बिल्डर मी शाळेत असल्यापासून खपतोय, हे प्रतिज्ञापत्रावर देऊ का, असं मी विचारणार होते. माटुंगेकराने माझ्या हातातून फाइल काढून घेतली.

एका रविवारी आम्ही तिघं एका प्रवासी कंपनीच्या मोफत माहिती-सत्राला गेलो. गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमधलं सभागृह. वातावरणनिर्मितीसाठी एसी इतका वाढवलेला, की वक्ता स्कीचं जाकीट घालून उभा होता आणि आम्ही दोघी ओढण्या गुंडाळून. डोंगरमाथ्यावर जैन जेवण मिळतं का, असं एका गृहस्थांनी विचारलं. ड्रायव्हर वरपर्यंत सोडतो का, असं एका बाईंनी. मी उठून विचारलं, की कृत्रिम बर्फ करायला जे पाणी वापरतात ते कुणाच्या शेतीचं असतं.

"मॅडम, प्रश्न शेवटी," वक्ता म्हणाला.

शेवटी चहा होता, प्रश्न नव्हते. पण मधल्या एका फोटोवर माझी नजर अडकली. जवळजवळ सपाट पटांगण, त्यावर विमानतळावर सामानाचा असतो तसा सरकता पट्टा, आणि पट्ट्यावर ओळीने उभी चार-पाच वर्षांची, हेल्मेट घातलेली पोरं. त्यांच्यात एक मोठा माणूस होता. कुणाला आपण दिसू नये अशी आशा सोडून दिल्यासारखा उभा होता. "नवशिक्यांचा पहिला दिवस इथेच," वक्ता म्हणाला. मी त्या माणसाकडे बराच वेळ बघितलं आणि आपलं पत्रक तत्त्वतः बरोबर आहे, याबद्दल माझी पूर्ण खात्री पटली.

रविवारी सकाळी मैत्रीण आमच्या चाळीत येऊन माझ्याकडून व्यायाम करून घ्यायची. भिंतीला पाठ लावून, खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखं बसायचं. माझ्या मांड्या थरथरायच्या आणि शेजारच्या मालवणी काकी तांदूळ निवडत बघायच्या. काकींनी एकदा चौकशी केली तेव्हा मी त्यांना सांगितलं की बर्फावर पडू नये म्हणून हे करतेय.

"पडूक इतक्या लांब कित्याक जातंस?" काकी म्हणाल्या. "हयसर जिन्यावरसून पड. फुकट पडशीत."

माझं बसणं चालू असताना मैत्रीण गॅलरीच्या टोकाला जाऊन उभी राहायची. डोळे मिटून, गुडघे जरासे वाकवून, ती एकदा डावीकडे झुकायची, एकदा उजवीकडे. काय करतेस, म्हणून मी विचारलं. "वळणं," ती म्हणाली. "व्हिडिओ बघून पाठ केलीत. रान संपल्यावर एक उलटं येतं, तिथे घोळ होतो." आणि पुन्हा डोळे मिटले. मी हे दर रविवारी बघत होते आणि माझ्या थरथरत्या मांड्यांचाच विचार करत होते.

जानेवारीत फॉर्म भरायची वेळ आली. त्याला जोडायचं म्हणून मी पत्रक नीट टाइप केलं आणि सवयीने वडिलांपुढे ठेवलं. आमच्या घरात वाणसामानाची यादीसुद्धा त्यांच्या नजरेखालून जाते. त्यांनी पेन्सिलीने दोन ठिकाणी स्वल्पविराम दिला आणि खालच्या नावांवर पेन्सिल टेकवली.

"यांना वाचून दाखवलंस?"

ही त्यांच्या छापखान्याची पद्धत. पत्रकाखाली ज्यांची नावं, त्यांना ते समोर बसवून मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय मशीनला लावायचं नाही. आजोबांच्या काळात सह्या करणाऱ्या अनेकांना वाचता येत नव्हतं म्हणून हे सुरू झालं. पुढे सगळ्यांना वाचता यायला लागलं तरी वडिलांनी ते सोडलं नाही.

"बैठकीत ठरलंय ते, बाबा. हात वर केला होता दोघांनी."

"हात वर केला ते झालं. वाचून दाखवलंस का?"

"तीन माणसांची सहल आहे."

"मग किती वेळ लागणार आहे?"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी परळला मैत्रिणीच्या रुग्णालयाच्या कॅन्टीनमध्ये गेले. माटुंगेकराला फोनवर वाचून दाखवता आलं असतं, पण सुरुवात हिच्यापासून करावी असं वाटलं. तिने डबा उघडला, मी कागद. पहिलं कलम मी चांगलं खणखणीत वाचलं; शेजारच्या टेबलावरच्या दोन नर्स जेवायच्या थांबल्या. दुसऱ्याला आवाज जरा उतरला. तिसरं कलम मी वाचलं ते फक्त आमच्या टेबलापुरतं. जिथे एक जाऊ शकत नाही तिथे कुणीच जाणार नाही.

ती पोळीचा तुकडा भाजीला लावत होती.

"तिथून तो उतार दिसेल का गं?" तिने विचारलं.

"कुठून?"

"तू असशील तिथून. म्हणजे, आपण."

माझ्याकडे उत्तरं होती. सामूहिकतेवर, वेगाच्या विचारसरणीवर, अगदी त्या चर्चवरसुद्धा. मी कागदाची घडी घातली.

"मला भीती वाटते," मी म्हटलं. "त्या पट्ट्यावर पोरांमध्ये उभं राहायची लाज वाटते आणि पट्ट्याच्या वर कुठेही जायची भीती वाटते."

"मग एवढंच सांगायचं ना. एका ओळीचं काम." तिने डबा माझ्याकडे सरकवला. "मी रोज बघते. गुडघा वाकवायला घाबरतात आणि कारणं सांगतात ती अशी, की जणू देशाचा प्रश्न आहे."

"तू हात का वर केलास?"

"तू बोलायला लागलीस ना, की हात खाली ठेवणारा स्वतःलाच भांडवलदार वाटायला लागतो."

मी खूप सभांना गेले आहे आणि हात वर करणाऱ्यांकडे नेहमी अभिमानाने बघितलं आहे. त्यांतले किती जण कॉफीच्या वाटीत बघत होते, याची नोंद माझ्या कुठल्याच इतिवृत्तात नाही.

त्या शनिवारी माटुंग्याला पुन्हा बसलो. तिसरं कलम रद्द, पाठोपाठ दुसरंही. सह्याद्रीचा नियम सह्याद्रीत तसाच राहील, असं माझ्या आग्रहावरून नोंदवलं. स्की-उद्योगाचा निषेध मात्र मी मागे घेतला नाही, आणि तो घ्यावा असं कुणी म्हणालंही नाही. माटुंगेकराने त्याचा जुना तक्ता उघडला. तिघांचे तीन उतार, जेवायला एकत्र. ठराव झाला त्याच दिवशी त्याने तो दुसऱ्या नावाने जपून ठेवला होता. मी फॉर्ममध्ये नवशिक्यांच्या चौकोनात खूण केली. 'पूर्वानुभव' या रकान्यात लिहिलं: दहा दिवस, बहुतांशी बसून.

स्की-शाळेचं उत्तर दोन दिवसांनी आलं. सोमवारी सकाळी नऊ वाजता, सरकत्या पट्ट्यापाशी, नारिंगी जाकीट शाळेकडून मिळेल. मी ते दोघांना पाठवलं. माटुंगेकराने तक्त्यात भरलं. मैत्रिणीचा तोच फोटो आला: पांढरी पट्टी, रान, चर्च. चर्चच्या बाजूला तिने एक लहानसं वर्तुळ काढलं होतं.

"बुधवारी अकराला इथे उभी राहा," खाली लिहिलं होतं. "वर बघ."

"पट्ट्यावरून सोडतील का मला?" मी विचारलं.

"मॅडम," तिने लिहिलं, "प्रश्न शेवटी."