अजून एक राहिलंय

फोटोमामा समोर जमलेली माणसं आधी मोजायचे, मग नमस्कार करायचे. लातुरात लग्नांचे फोटो काढण्यात उभा जन्म गेला, त्याची ही खोड. "हार हुकला तर चालतंय, पण आत्या फोटोतून राहिली की जन्मभर बोलणी खावी लागतात," असं ते म्हणत. मांडव जेवायला ताटकळला तरी रुसलेली आत्या आल्याशिवाय त्यांनी कधी बटण दाबलं नाही.

मी त्यांची भाची, नांदेडला शाळेत शिकवते. नवा कॅमेरा घेतला आणि केनियाला जाऊन जंगलातले फोटो काढायला शिकायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं. शिकवायला मामाच सोबत निघाले. मामांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं, पण "आधी हत्ती, मग ऑपरेशन," असं त्यांनी जाहीर केलं. डॉक्टरांनी नाइलाजाने होकार दिला. मामीने गोळ्यांची डबी त्यांच्याकडे न देता माझ्या हातात ठेवली. "ह्यांचं काही खरं न्हाई. तू नजर ठेव बाई." त्यामुळे केनियात मी सिंहांपेक्षा मामांकडेच जास्त बघत होते. ते जरा गप्प बसले की मी डबी चाचपायचे.

शिकवणंही लग्नातलंच. झेब्रे दिसले की "वऱ्हाड आलं" म्हणायचे.

"बोट ठेव, पण दाबू नको. आधी सगळे आलेत का बघ."

"तोवर निघून जातील ना मामा."

"जाऊ दे की. अर्ध्या घराचा फोटो काढून काय करतीस?"

एका सकाळी हत्ती वाट ओलांडू लागले. माझं बोट शिवशिवत होतं. "थांब. अजून एक यायचं राहिलंय," मामा म्हणाले. झुडपापाशी एक पिल्लू रेंगाळलं होतं. मग मामांनी प्रत्येक बारशाला करायचे तेच केलं. गाडीच्या उघड्या छतातून हात वर काढून चुटक्या वाजवल्या. "बाळा, हिकडं बघ, हिकडं."

बाळाने नाही, बाळाच्या आईने बघितलं. कान पसरून ती गाडीच्या रोखाने आली आणि थबकली. ड्रायव्हरने दबक्या आवाजात सगळ्यांना खाली बसवलं. मामा बसले ते छातीवर हात ठेवूनच. मी डबी काढली, पण झाकण निघेना.

"गोळी ऱ्हाऊ दे. पिल्लू आलं का सांग."

आलं. आईच्या पायांत शिरलं, तशी ती वळली, आणि मी बटण दाबलं. फोटो तिरका आला, पण घर पुरं होतं. मामांनी पडद्यावर बोट फिरवून मोजलं. "आता दे गोळी."

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी दवाखान्यात घरच्यांचा फोटो काढायला लावला. सगळे पलंगाभोवती उभे राहिले. धाकटा मुलगा निलंग्याहून एसटीने येत होता आणि नर्स घाई करत होती. मामा ऐकेनात. तो धापा टाकत आत आला, तेव्हा कुठे मी बटण दाबलं.

मामा ऑपरेशनमधून परत आले नाहीत. त्यांची फार आठवण येते. त्या फोटोत सगळे माझ्याकडे बघतायत. मामा तेवढे बाजूला बघतायत, ओठ किंचित हललेले. माणसं मोजतायत.

मोजून झाल्यावर ते माझ्याकडे वळले होते. "अजून एक राहिलंय की. तू."

"तुम्ही बरे होऊन या, मग काढू," मी म्हणाले.