सतरावा खांब

"दाढी कुनासाठी खरडताय एवढी? मुकादम माजा भाऊ झालाय, तुमी न्हाय."

"तुजा भाऊ मशीन घिऊन हिंडतो म्हनून मुकादम. मशीन काढून घे, मंग शेळीबी त्याला इचारायची न्हाय."

"आन तुमच्याकडं काय हाय?"

"कान हाईत. नाक हाय. अठ्ठावीस हिवाळं हाईत."

"मंग नाक पुसा आदी," असं म्हणून बायकोनं, एतेरीनं, बटाटा-चीज भरलेली गरम रोटी फडक्यात गुंडाळून जुम्बेरच्या पुढ्यात आदळली.

अर्शा गावचा जुम्बेर गॅसच्या नळावर कामाला होता. जवारीच्या खिंडीतून हमरस्ता जातो आणि त्याच्या कुशीला, जमिनीखालून, कमरेएवढा जाड नळ जातो. थंडीत त्यावर दोन-दोन पुरुष बर्फ चढतो. मग नळ कुठं नि दरी कुठं, काही उमजत नाही. म्हणून दर पानगळीत जुम्बेर नळाच्या डोक्यावर बर्चचे उंच खांब रोवायचा, टोकाला तांबडी चिंधी बांधून. चाळीस खांब. गळती झाली की टोळी खांबाशी जाऊन खणायची. खांब बरोबर आहे का, हे अठ्ठावीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

म्हातारा मुकादम ऑक्टोबरात घरी बसला, तेव्हा ती जागा आपलीच म्हणून जुम्बेरनं नवे बूट घेतले. कागद आला तो बादुरच्या नावानं. बादुर म्हणजे एतेरीचा धाकटा भाऊ, जमिनीखालचा लोखंडी नळ हुडकणारं मशीन चालवणारा. त्याला टोळीत आणला जुम्बेरनं, फावडं धरायला शिकवला जुम्बेरनं. तेवढंही गिळलं असतं. पण रविवारी त्याच्या मेजवानीत पंगतीच्या तमादाचा मान, म्हणजे प्रत्येक पेल्याआधी बोलायचा मान, लोकांनी बादुरला दिला. वीस वर्षं तो जुम्बेरचा होता. आणि मेला बोललाही चांगला. खिंडीत बर्फाखाली गाडल्या गेलेल्यांसाठी बोलला तेव्हा जुम्बेरच्याच डोळ्यांत पाणी आलं. हे तर फारच झोंबलं.

दुसऱ्या दिवशी सोमवारी तो खांब रोवत होता. सतराव्यापाशी थांबला. मनात म्हणाला, मशीनवाल्याला खांब कशाला लागतो? आणि पंधरा पावलं वर, घळीच्या तोंडाशी, खांब ठोकून मोकळा झाला. मशीन एक सांगेल, खांब एक सांगेल, आणि नवा मुकादम चारचौघांत डोकं खाजवत बसेल. एवढीच गंमत त्याला बघायची होती.

ती गंमत आज आली. खिंडीत अडकलेल्या ट्रकवाल्यांनी निरोप धाडला, सतराव्याच्या आसपास वास येतोय, बर्फातून फुसफुसतंय. टोळीनं काडेपेट्या आणि फोन गाडीतच ठेवले, लाकडी फावडी घेतली आणि चौघं वर चढले. बर्फावर पापडी धरली की खालचा गॅस वाट काढत कुठल्या कुठं फुटतो. नुसत्या वासावर भरवसा नाही. बादुरनं मशीन फिरवलं. खाली रस्त्याकडंच्या उतारावर ते किंचाळलं, वर खांबापाशी गप्प झालं.

जुम्बेर ओठ चावत उभा राहिला. आता खाजव डोकं.

बादुरनं खांबाकडं पाहिलं, मशीनकडं पाहिलं आणि मशीन पाठीला अडकवलं.

"वर चला. खांबापाशी खनायचं."

"मशीन तर खाली म्हनतंय की," एकजण म्हणाला.

"थंडीत मशीन गंडतं. दाजींचा खांब गंडत न्हाय."

जुम्बेरनं मान वर करून बघितलं. घळीच्या वर बर्फाची कड छपरासारखी लोंबत होती. तिच्याखाली तिघं फावडी मारू लागले. बादुर सगळ्यांत पुढं.

जुम्बेरनं चार फावडी मारली, पाचवं मारवेना. गप्प राहावं तर कड अंगावर कोसळेल. बोलावं तर गाव म्हणेल, मेव्हण्यावर जळून म्हाताऱ्यानं खांब हलवला. आणि त्यातही तो जळतच होता. विश्वास टाकायलासुद्धा ह्यानंच मोठं मन दाखवायचं? सगळं ह्यालाच?

वरून मूठभर बर्फ घरंगळला आणि बादुरच्या टोपीवर पडला. बादुरनं टोपी झटकली आणि पुन्हा वाकला.

"बादुर, भाईर ये."

"का वो, दाजी?"

"भाईर ये म्हनतो ना! समदी भाईर या. खांब खोटा हाय."

"खोटा म्हंजी? बर्फ घसरून हलला?"

जुम्बेरला वाट मिळाली होती. नुसतं हो म्हणायचं होतं.

"मी हलिवला," तो म्हणाला. "तुज्या मेजवानीच्या दुसऱ्या दिशी. नळ पंधरा पावलं खाली हाय."

तिघांपैकी कुणी हसलं नाही. बादुरनं वर लोंबणाऱ्या कडेकडं बघितलं, मग जुम्बेरच्या नव्या बुटांकडं.

"चला खाली," एवढंच म्हणाला.

मशीन किंचाळलं होतं तिथंच नळ सापडला. सांध्यातून गॅस फुसफुसत होता. दुपारपर्यंत सांध्यावर लोखंडी कडं आवळून झालं. ती बर्फाची कड दिवसभर पडली नाही. उगाच बोललो, असं जुम्बेरला दोनदा वाटून गेलं.

टोळी गाडीकडं निघाली. बादुर थांबला.

"आक्काला मी सांगनार न्हाय."

"सांग की. घाबरतो व्हय मी तिला?"

"घाबरताच."

जुम्बेर वर घळीकडं चढला. सतरावा खांब उपटून खांद्यावर आणला, मोगरीनं नळाच्या डोक्यावर नीट ठोकला, चिंधी घट्ट केली.

"झालं?" बादुरनं विचारलं आणि मशीन पाठीवरून काढलं. "आता ऱ्हायल्याली एकोनचाळीस बघू. तुमी पुढं, मी मागं."

"ती बरोबर हाईत."

"असतील."

बस्स, एवढा एक शब्द. मुकादमकी गेली, तमादाचा मान गेला, तेव्हाही इतकं लागलं नव्हतं. जुम्बेरनं मोगरी काखेत मारली आणि गुडघाभर बर्फातून अठराव्याकडं चालू लागला. खांबाला टेकून उभा राहिला. मागून मशीन आलं आणि बरोबर खांबाच्या बुडाशी किंचाळलं.

"पुढचा," बादुर म्हणाला.

जुम्बेर पुढं निघाला.