पांढरी पाच

दिवाळीची सुट्टी संपायच्या आत आमच्या संगीत महाविद्यालयाने शिक्षकांसाठी तीन दिवसांचं शिबिर ठेवलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं. फराळाचे डबे अजून भरलेले, लेक माहेरी आलेली, आणि आम्ही नगरच्या त्या हॉलमध्ये सतरंजीवर मांडी घालून ‘शिकवायचं कसं’ ते शिकायचं. निम्मं आयुष्य मुलामुलींकडून पलटे घोटून घेण्यात गेलं, आता आम्हाला कोण काय शिकवणार, असं मी पहिल्या चहालाच बोलून दाखवलं. शेजारी आमचे तबल्याचे सर बसले होते. ते पाथर्डीकडचे, मोजकं बोलणारे. गेली कित्येक वर्षं माझ्या गाण्याला साथ त्यांचीच. “बसू की, बाई,” एवढंच म्हणाले. “चहा तर बरा हाय.”

खरं सांगायचं तर राग शिबिराचा नव्हताच. मला भीती वाटत होती. मी तरुणपणापासून काळी पाचमध्ये गाते, म्हणजे पेटीच्या त्या पट्टीवर माझा सा. उंच पट्टी, बायकांतही सगळ्यांना पेलत नाही, आणि मला तिचा भारी तोरा. पण पन्नाशी उलटली तसा वरच्या सुरांना आवाज फाटायला लागला. महाविद्यालयाच्या वर्धापनदिनाला दरवर्षी माझं गाणं असतं. यंदा घशाचं निमित्त सांगून नाही म्हणायचं आणि त्यानंतर लोकांसमोर गायचंच नाही, नुसतं शिकवायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. घरीसुद्धा बोलले नव्हते. आणि शिबिराच्या शेवटच्या दिवशी प्रत्येकाने गायचं होतं.

शिकवायला आलेली मुलगी पुण्याची, माझ्या लेकीच्या वयाची. दुसऱ्या दिवशी तिने आम्हाला पेट्या बाजूला सारायला लावल्या. “घरात हाक मारता ना, तशी मारा,” म्हणाली. “तुमचा आवाज कुठे सहज लागतो ते बघू.” झाली पंचाईत. इतकी वर्षं एकत्र काम केलेली माणसं, पण एकमेकांसमोर हाक मारायची लाज वाटायला लागली. माझी पाळी आल्यावर मी म्हटलं घ्या, आणि मोठ्यांदा ओरडले, “अहो, कुकर बंद करा.” हॉलमध्ये हशा पिकला. ती मात्र हसली नाही. तिने स्वतःच्या पेटीवर बोट ठेवलं. “मॅडम, तुमची हाक पांढरी पाचला लागतेय. उद्या तिथे सा धरून बघाल?”

पांढरी पाच म्हणजे काळी पाचपेक्षा चांगल्या तीन पट्ट्या खाली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “मी काळी पाचमध्येच गाते,” मी जरा जोरातच म्हटलं. “हो ना,” ती म्हणाली, “मीपण तिथेच गायचे. बाळंतपणानंतर खाली आले.” इतकं सरळ सांगितलं पोरीने.

तिसऱ्या दिवशी सकाळी हॉलवर गेले, माझी पाळी आली, गायला बसले. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचं बटण नेहमीच्या जागी, काळी पाचवर होतं. थोडा वेळ तसाच हात ठेवून बसले आणि मग फिरवलं, पांढरी पाचपर्यंत. आणि एकदम आठवलं, अरे, तबला. तबलाही गाणाऱ्याच्या ‘सा’लाच लावावा लागतो. सर माझ्यासाठी लहान तोंडाचा, चढ्या सुराचा तबला आणतात, आणि तो इतका खाली उतरत नाही. खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं वाटलं.

“राहू द्या,” मी म्हटलं. “सरांचा तबला माझ्या जुन्या पट्टीचा आहे.”

सरांनी तो तबला बाजूला ठेवला, पिशवीत हात घातला आणि दुसरा काढला, जरा मोठ्या तोंडाचा. त्यावर बोट मारलं. नेमकी पांढरी पाच.

“हा कधी आणलात?”

“दोन वर्सं झाली, बाई. तुमच्या दर कार्यक्रमाला आनतो. म्हनलं, आज उतरतील, उद्या उतरतील.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुमची पट्टी मी कशी सांगनार?”

मी पाणी प्यायले, सूर धरला, आणि भूप सुरू केला. तार सप्तकातल्या गंधारापर्यंत गेले आणि आवाज फाटला नाही. मग मी तो सूर सोडेचना. सर ठेका धरून बसले होते, त्यांना कसली घाई नव्हती.

उठता उठता मी त्यांना म्हटलं, “वर्धापनदिनाला हाच तबला आणा.”

“आनतोच की, बाई,” ते म्हणाले.