शिवेवरचा दगड

कांद्यावर व्हिनेगर ओतलं आणि कतारमधल्या, दोह्यातल्या खोलीत मला इंग्लंडमधलं एक खेडं आठवलं. कंपनीने ट्रेनिंगला पाठवलं होतं. घरातला पहिला पदवीधर, मी भारावून हिंडत होतो. चर्चमधल्या आजींनी शिवेवरचा खळग्यांचा दगड दाखवला. प्लेग आला तेव्हा गावाने स्वतःला कोंडून घेतलं होतं. बाहेरचे तिथे पाव ठेवत, आतले रोग बाहेर जाऊ नये म्हणून खळग्यांतल्या व्हिनेगरमध्ये बुडवून पैसे.

"पळून का नाही गेले?"

"बाहेर त्यांचीच माणसं होती ना."

तेव्हा मला तो वेडेपणा वाटला.

उद्या आईचं ऑपरेशन आहे. प्लँटचं शटडाउन, म्हणजे वर्षाची मोठी दुरुस्ती चालू, त्यामुळे सुट्टी नाही. "राजीनामा टाकून येतो," मी फोनवर तिला म्हणालो.

"खुळा का तू? धाकटीचं कॉलेज कोण बघणार? तिकडंच राहा."

"बरं," म्हणालो. तिचा जीव भांड्यात पडल्याचं मला इथवर ऐकू आलं.